विजेता आणि सोबती

बक्षीस लागायला नशीब लागतं म्हणतात. चंद्रपुरात नशिबाच्या आधी वीज लागायची, आणि नेमकी तीच नसायची. वीज केंद्राची धुरांडी आमच्या गच्चीवरून दिसतात, वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसते, आणि सगळ्या राज्याला उजेड पुरवून झाला की भारनियमन आमच्याच गल्लीत. दिव्याखाली अंधार ही म्हण काढणारा माणूस बहुतेक आमच्या जुन्या शहराच्या परकोटाच्या आतच राहत असावा. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी सायबर कॅफेत बसून ऑनलाइन बक्षिसांचे अर्ज भरायचे, तेव्हा ही म्हण रोज एकदा तरी मोठ्यानं म्हणायचे. कॅफेवाला भाऊ अंधारात काडेपेटी चाचपत म्हणायचा, "ताई, मले काऊन बोलता? मी का बटन बंद केलं?"

हा नाद मला घरातूनच लागला होता. नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, अम्मी आणि मी साबणाची वेष्टनं जमवायचो. 'हा साबण मला आवडतो कारण' याच्यापुढं एक वाक्य जुळवायचं असायचं. अम्मी हिंदीत सांगायची, मी मराठीत करायचे, पाकिटाला तिकीट लावून पोस्टात टाकायचो. त्यातून आलं ते एकदाच, चावीला लावायची एक साखळी. अम्मीनं ती कपाटाच्या किल्लीला अडकवली आणि आल्यागेल्याला दाखवली. तिला जिंकायची हौस नव्हती, कुणीतरी लांबून आपल्या नावानं काहीतरी पाठवलं याचं अप्रूप होतं.

इंटरनेटवर तर सगळं भलतंच सोपं झालं. वेष्टन नको, तिकीट नको, वाक्य जुळवायला नको. नाव टाका, पत्ता टाका, बटण दाबा. झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर त्या कॅफेत, प्लायवूडच्या खोपटात बसून मी स्कूटर, मिक्सर, सिंगापूरची सहल, एका फ्लॅटसाठीसुद्धा नाव टाकून आले होते. बी.कॉम. होऊन घरी बसले होते, नोकरीचे अर्ज भरायला जायचे आणि बक्षिसांचे भरून यायचे. नोकरीवाले साधं उत्तर द्यायचे नाहीत. बक्षीसवाले लगेच 'अभिनंदन' म्हणायचे, त्यामुळं बरं वाटायचं.

पण सोपं म्हणता म्हणता ते माणसाचा जीव काढायचं. देशांच्या यादीत खाली खाली जात भारत शोधायचा, मग राज्य, मग शहर. शहरांच्या यादीत नागपूर असायचं, चंद्रपूर नसायचं. शेवटी 'इतर' असा एक शब्द असायचा, तो निवडायचा. आम्हाला त्याची सवय होती म्हणा. मग वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ती वाचून लिहा म्हणायचे, आणि बरोबर लिहिली तरी चूक म्हणायचे. सगळं भरून बटण दाबावं तर पान कोरं, पुन्हा पहिल्यापासून. आणि हे सगळं एकदाचं जमून पडद्यावर ते निळं चक्र फिरायला लागलं की वीज जायची. एकदा तर मी की-बोर्डावर अशी मूठ आपटली, की भाऊनं मला दोन दिवस दुसऱ्या मशीनवर बसवलं.

आता अब्बांचं सांगते, कारण गोष्ट त्यांची आहे.

अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. जुन्या बाजारात आमचं दुकान होतं, दुकान म्हणजे पुढं ओटा आणि मागं पत्रे. कातरीनं पत्रा कापायचा, मोगरीनं ठोकून वळवायचा, कोपऱ्यांना पट्ट्या, पुढं कडी-कोयंडा, वर हिरवा रंग आणि त्यावर गुलाबाची फुलं. ते मूळचे पोंभुर्ण्याकडचे. घरात आमच्या हिंदी, कारण अम्मी शहरातली होती. पण अब्बांच्या तोंडी रागात आणि लाडात तिकडची झाडी बोलीच यायची. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम संपला की जंगलातल्या गावांमधून लोक पोरीच्या लग्नासाठी पेटी घ्यायला यायचे, ते अब्बांच्या बोलीसाठीच आमच्या ओट्यावर बसायचे.

पेटी पूर्ण झाली की झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव काढायचं, ही अब्बांची पद्धत होती. नाव सगळ्यात शेवटी. पेटी दुकानातून निघणार हे पक्कं झाल्याशिवाय ब्रशाला हात लावायचे नाहीत. आणि नाव कुणाचं, यावर दरवर्षी एक भांडण ठरलेलं. पोरीचा बाप स्वतःचं नाव सांगायचा. अब्बा म्हणायचे, "तुमचं नाई भाऊ, पोरीचं सांगा. पेटी तिची आहे."

"पर पेटी तं मीच घेऊन राह्यलो ना?"

"घ्या ना. उचलून न्या. म्हनून का हमालाचं नाव टाकू?"

मग हसणं व्हायचं आणि पोरीचं नाव पडायचं. गोंड पोरींची नावं अब्बा इतक्या मायेनं काढायचे, की शेवटच्या अक्षराखाली एक छोटं पान फुकट मिळायचं.

हजला जाणारे हाजीही अब्बांकडूनच पेटी न्यायचे. त्या पेटीला आतून कापडाचं अस्तर अम्मी लावायची, तिच्या हातची शिवण बारीक होती. पेटी न्यायला हाजी किंवा हाजीन आली की अम्मी डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणायची, "वहाँ दुआ में मेरा नाम लेना." दर वर्षी, प्रत्येकाला, हेच. आणि ते गेले की अब्बा मान खाली घालून पत्रा ठोकत म्हणायचे, "पुढच्या साली तुले नेतो." त्यांनी खरंच दोघांचे पासपोर्ट काढून ठेवले होते. हजच्या अर्जांची सोडत निघते, तिला कुर्रा म्हणतात. आमचं नाव त्यात दोनदा गेलं आणि दोनदा निघालं नाही. मग अम्मीची मूत्रपिंडं बिघडली, नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि हजसाठी जे बाजूला ठेवलेलं होतं ते त्या फेऱ्यांत गेलं. अम्मीही गेली.

अब्बांनी ती गेली असं कधी म्हटलं नाही. दोन वर्षं मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. कुणी विचारलंच तर "ती आता नाई इथी" एवढं म्हणायचे, जशी काही माहेरी गेली आहे. मला याचा फार राग यायचा. मी रडून मोकळी झाले होते आणि हा माणूस कोरडा ठणठणीत बसून पत्रा ठोकत होता. एकदा मी म्हटलंही, "अब्बा, बोलून टाका एकदा. हलकं वाटन." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांच्या हातातलं काहीतरी हिसकून घ्यायला आले होते.

त्या साली रमजानच्या आधी मला एका टूर कंपनीच्या साइटवर ती स्पर्धा दिसली. उमराहची, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज करतात त्या मक्केच्या यात्रेची सफर, दोघांसाठी, विमान आणि राहणं सगळं फुकट. एक विजेता आणि त्यानं निवडलेला एक सोबती. ईदपर्यंत रोज एकदा भाग घेता येईल, ईदनंतर सोडत. मी घरी येऊन जेवताना गंमत म्हणून सांगितलं. मला वाटलं हसतील. अब्बांचा घास हातातच राहिला.

"पैसे किती?"

"काही नाई. फुकट."

"मंग काय द्या लागते?"

"नाव द्या लागते, अब्बा. नुसतं नाव."

दुसऱ्या दिवशी ते मशिदीतल्या हाफिजजींना विचारून आले, हा जुगार तर होत नाही ना म्हणून. हाफिजजी म्हणाले, खिशातून काही लावत नाही तर जुगार कसला, पण त्यापायी नमाज चुकवू नका. तिथून अब्बांचा नूर पालटला. रोज संध्याकाळी इफ्तारच्या आधी मी कॅफेचा जिना उतरून दुकानात आले की पहिला प्रश्न, "भरलं काय वं?" भरलं म्हटलं की खजूर पुढं करायचे. वीज गेली म्हटलं की ज्यानं भारनियमन शोधून काढलं त्याच्या सात पिढ्यांना झाडी बोलीत आठवायचे, मग रोजा आहे हे लक्षात येऊन तोबा करायचे.

मी त्यांच्या नावानं भरत होते. विजेता अब्बा, सोबती मी. मला काही मक्केला जायची घाई नव्हती, पण दुसऱ्या चौकटीत कुणाचं तरी नाव भरल्याशिवाय ती साइट पुढं सरकत नव्हती. अब्बांना मी ते कधी दाखवलं नाही, त्यांनी विचारलं नाही. बाजारात तुरी आणि घरात मारामारी नको, एवढंच मला वाटत होतं.

तुरी मात्र त्यांच्या डोक्यात शिजायला लागल्या होत्या. एक दिवस दुकानात बघते तर नवीन पेटी. जाड पत्रा, आतून अस्तरासाठी कापड कापून ठेवलेलं, गुलाबांच्या जागी नुसती वेल. मी विचारलं, कुणाची? म्हणाले, "असू दे." मी म्हटलं, "अब्बा, हे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग झालं. लाखो लोक भरतात हे." ते म्हणाले, "लाखाईत एकाले तं लागतेच ना?" त्यांचं गणित चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त धास्ती वाटत होती. आशा लावून बसलेला माणूस घरात असणं फार वाईट असतं. भांड्याचा आवाज झाला तरी तो मोबाइलकडं बघतो.

मग मला ताप आला. त्या पावसाळ्यापासून गावभर चिकनगुन्याची साथ होती, गल्लीत निम्मे लोक भिंत धरून चालत होते. माझे गुडघे, मनगटं अशी धरली की ताटातली पोळी तोडता येईना. मी पडून राहिले आणि स्पर्धेचं विसरून गेले. अब्बा विसरले नाहीत. एक दिवस दुकान बंद करून, बिनइस्त्रीचा पण धुतलेला कुर्ता घालून, पासपोर्ट खिशात टाकून ते तो अरुंद जिना चढून कॅफेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. कॅफेवाल्या भाऊनं त्यांना खुर्ची दिली, एकेक चौकट वाचून विचारलं आणि ते सांगतील तसं भरलं. घरी आले ते हसतच. माझ्या उशाशी बसून म्हणाले, "लय सोपं आहे वं. तू उगाच एवढी चिडते. नाव सांगतलं, त्यानं टकटक केलं, झालं."

माझ्या इतक्या खेपांमध्ये वीज क्वचितच धड टिकली होती आणि त्यांना पहिल्याच खेपेला सगळं मिळालं, वीज, जागा आणि लाइन. त्यातला हेवा मला अजून आठवतो. मी ताप डोक्यात घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपले. कुणाचं नाव सांगितलं, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

ईद झाली. ईदनंतर थोड्या दिवसांनी, दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले होते. घरात एकच मोबाइल, तो दिवसा अब्बांकडे असायचा. तो वाजला. अब्बांनी हात पुसून कानाला लावला आणि त्यांचा चेहरा मी बघतच राहिले. इतकं मऊ हसू मी त्यांच्या तोंडावर दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हां, हां," ते म्हणाले, "उसी का घर है. बिलकुल सही नाम है. मैं उसका घरवाला."

मी जवळ सरकले. फोनमधला मुलीचा आवाज गोड होता, शिकवलेला गोड. ती अम्मीचं पूर्ण नाव घेत होती. अम्मीचं. अभिनंदन, आपकी बेगम साहिबा हमारी विजेता हैं, आणि सोबती म्हणून आपका नाम दिया है. आता फक्त त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायचं आहे, नियम आहे, विजेत्यानं स्वतः हो म्हणायचं. घरी आहेत का?

अब्बांचं हसू तसंच राहिलं, फक्त ओठ कोरडे झाले. म्हणाले, "अभी नहीं है."

"कोई बात नहीं सर, पाँच बजे फिर करती हूँ. उनको फोन के पास रखिए."

"जी," अब्बा म्हणाले.

फोन ठेवला तशी मी भडकले. "अब्बा, तुम्ही अम्मीचं नाव टाकलं? काऊन टाकलं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, नाटक नव्हतं. शेजारच्या पेटीवर हात ठेवून ते म्हणाले, "उमराह तिच्या नावाचा आहे ना. मेलेल्या..." तिथं ते अडले. मग म्हणाले, "जो नाई त्याच्या नावानं उमराह करते का नाई आपल्यात? मंग नाव कोनाचं टाकू? ज्याची पेटी त्याचं नाव. मी तं उचलून नेनारा. सोबती म्हनून टाकलं ना माझं."

पासपोर्टही तिचाच दिला होता, मुदत संपली नव्हती. जन्मतारीख त्यांना माहीत नव्हती, पासपोर्टावर होती ती एक जानेवारी भाऊनं टाकून दिली, जशी आमच्याकडं पुष्कळांची असते. सगळ्या चौकटी भरल्या गेल्या. माणूस जिवंत आहे का, ही चौकट कुठंच नव्हती.

मी ओरडून, हात जोडून समजावलं. विमानात विजेता बसतो, अब्बा. त्याचा चेहरा बघतात. तो नसेल तर सोबत्याला कुणी विचारत नाही. तुमच्या नावानं लागलं असतं तर तुम्ही तिथं जाऊन तिच्या नावानं केला असता, कोण अडवणार होतं? मी तुमच्या नावानं भरतच होते! शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज फाटला. इतक्या दिवसांची माझी तपश्चर्या मातीत गेली होती आणि त्यांच्या एका खेपेला बक्षीस लागलं होतं. मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि धरायला समोर फक्त हा म्हातारा होता.

अब्बा बराच वेळ मोगरीचा दांडा चोळत बसले. मग हळूच, माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझा आवाज तिच्यावानीच आहे."

मी डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

"दोन मिन्टं तं बोलायचं आहे. हो म्हनायचं नुसतं. पुढचं पुढं पाहू."

"पुढं काय पाहू, अब्बा? विमानतळावरही मीच उभी राहू काय अम्मी होऊन?"

"पुढचं पुढं पाहू," ते पुन्हा म्हणाले. लहान मूल जसं एकच वाक्य धरून बसतं तसं. त्यांना कळत होतं की पुढं काहीच नाही. पण फोन येईपर्यंत तरी ते विजेत्याचे सोबती होते, आणि ते पद त्यांना सोडवत नव्हतं.

डबा तसाच राहिला. बाहेर बाजार चालू होता, ऑटोवाले ओरडत होते, कुणी बादलीचा भाव विचारून गेलं, अब्बांनी मान हलवून नाही म्हटलं. मी त्या वेलीच्या पेटीकडं बघत बसले. झाकणावर नावाची जागा कोरी होती. हळूहळू माझा राग वितळायला लागला आणि त्याच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. या माणसानं आयुष्यभर प्रत्येक गोष्ट ठोकून, वाकवून, घाम गाळून मिळवली. एकच गोष्ट त्याला फुकट, सोप्यात, नुसतं नाव सांगून मिळाली होती. ती काढून घ्यायला मला लावू नका, असं मी मनात कुणाला तरी म्हणत होते. पाचच्या सुमाराला मी ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हटलं, "द्या फोन. बोलते मी."

फोन वाजला. मी हात पुढं केला.

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. डोक्यावर ओढणी घेतलेली मी बहुतेक जरा जास्तच अम्मीसारखी दिसत असेन. फोनमधून ती मुलगी विचारत होती, "मॅडम आ गईं सर?" आणि अम्मीचं नाव घेत होती. अब्बांनी माझा हात बाजूला सारला आणि फोन स्वतःच्या कानाला लावला.

"ती नाई आहे बाई," ते म्हणाले. हिंदी विसरून गेले होते. "ती मेली. दोन साल झाले. मेली ती."

पलीकडून आवाज आला, "सॉरी सर, समझ नहीं आया. हिंदी में बोलेंगे प्लीज?"

दोन वर्षं अडकलेला शब्द एकदाचा बाहेर पडला होता, आणि तो त्यांना पुन्हा काढावा लागला. अब्बांनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मर गई, बेटा. मेरी बीवी मर गई."

शिकवलेला गोडवा सोडून मुलगी साध्या आवाजात म्हणाली की ती वरिष्ठांना विचारून बघते, लाइनवर राहा. मग फोनमधून नाचऱ्या चालीचं एक संगीत वाजायला लागलं. अब्बा ते ऐकत उभे होते. दवाखान्यात आतल्या दाराकडं बघत उभे राहायचे, तसेच. मी त्यांच्या बाहीला धरलं होतं. मला वाटत होतं, त्या वरिष्ठाला आई असेल, बायको असेल, तो एकदा तरी नियमाच्या बाहेर बघेल.

नाही बघितलं. बक्षीस दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आता दुसरं नाव निघेल. मुलगी तीनदा सॉरी म्हणाली. मला वाटलं आता अब्बा चिडतील, निदान विनंती करतील. त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "बेटा, एक काम करना. जो कोई जाएगा, उसको बोलना, वहाँ दुआ में उसका नाम लेना."

त्यांनी अम्मीचं नाव पुन्हा एकदा सावकाश सांगितलं, बापाच्या नावासकट, जसं कॅफेत सांगितलं असेल.

"जी सर," मुलगी म्हणाली, "मैंने नोट कर लिया."

ते नोट करणं काय असतं, मला माहीत होतं. तसली चौकट कुठल्याच साइटवर नसते. मी आयुष्यात शेकडो चौकटी भरल्या होत्या, मला ठाऊक आहे ना. अब्बा मात्र समाधानानं मान हलवत होते. फोन ठेवून ते ओट्यावर बसले आणि दोन वर्षांचं रडले. बाजार चालूच होता. बादलीचा भाव विचारणारा पुन्हा आला, बघून तसाच परत गेला.

त्यानंतर मी ते अर्ज भरणं सोडलं. कॅफेवाला भाऊ एकदोनदा म्हणाला, बक्षिसात नवीन कार निघाली आहे, ताई. मी त्याला नोकरीचीच पानं उघडायला लावली. ती पेटी विकली नाही, तिच्यात आम्ही रजया ठेवतो. झाकणावर अजून नाव नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी अब्बा पत्रा ठोकता ठोकता थांबले.

"ते गेले असतीन आता. ज्याईले लागलं ते."

"गेले असतील, अब्बा."

"मंग तिचं नाव घेतलं असन तिथी."

मी शब्दाशब्दाला भांडणारी मुलगी. माझ्या जिभेवर त्या मुलीचं नोट करणं आलं होतं, ती नसलेली चौकट आली होती. अब्बा मोगरी हातात धरून माझ्याकडं बघत होते.

"घेतलं असेल," मी म्हटलं. "नाव तर त्यांच्याकडे आहेच."